द्वादशी ते द्वादशी: दिवाळीत वजन नेमकं किती वाढतं आणि कशामुळे

भाऊबीज उरकली, पाहुणे गेले की दुसऱ्या दिवशी सकाळी घरोघरी पलंगाखालचा वजनकाटा बाहेर ओढला जातो. आकडा दीड-दोन किलोने पुढे सरकलेला असतो. तो पाहून कुणी घाबरतं आणि दोन दिवस जेवण सोडतं. कुणी म्हणतं, वाढलंच आहे तर आता डबे तरी संपवूया. दोन्ही गोष्टींनी नुकसानच होतं, कारण त्या सकाळच्या आकड्यात चरबी थोडी असते आणि पाणी पुष्कळ. खरी चरबी साठते ती भाऊबीजेनंतर, स्वयंपाकघरातले डबे अर्धेमुर्धे भरलेले असतात तेव्हा.

म्हणून या लेखात दिवाळी चार दिवसांची धरलेली नाही. वसुबारस असते आश्विन वद्य द्वादशीला आणि तुळशीचं लग्न कार्तिक शुद्ध द्वादशीपासून लागतं. द्वादशी ते द्वादशी असा हा बरोबर एक पंधरवडा. तब्येतीचा हिशेब या पंधरवड्याचा करायला हवा.

काट्यावरच्या दोन किलोंत काय काय असतं

आपण खाल्लेल्या पिठाची, साखरेची शरीर साखर करतं. लगेच लागेल तेवढी वापरली जाते आणि उरलेल्यातली काही यकृतात आणि स्नायूंत साठवली जाते. या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. प्रौढ माणसात तो भरलेला असेल तर साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो. पण तो कोरडा साठवता येत नाही. एक ग्रॅम ग्लायकोजेन सोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. वाटीभर डाळ रात्री भिजत घातली की सकाळी पातेलं भरतं, वजन वाढतं, डाळ मात्र तेवढीच असते, तसंच हे. एरवी अर्धवट रिकामा असलेला हा साठा दिवाळीत तुडुंब भरतो आणि पाण्यासकट पाऊण-एक किलो काट्यावर दिसायला लागतो.

दुसरा वाटा मिठाचा. चकली, शेव, चिवडा, कडबोळी हे सगळं खारट. शरीर रक्तातल्या मिठाचं प्रमाण बदलू देत नाही. एका लिटरला सुमारे ९ ग्रॅम, हे ते प्रमाण. म्हणजे तीन ग्रॅम मीठ जास्त गेलं तर ते सौम्य करायला एक तृतीयांश लिटर पाणी अडवलं जातं. मूत्रपिंडं ते जास्तीचं मीठ बाहेर टाकतात, पण त्याला दोन-तीन दिवस लागतात, तोवर अंगठी घट्ट होते. तिसरा वाटा साधा आहे. आतड्यांतून अजून पुढे सरकायचं असलेलं अन्न, तेही काट्यावर मोजलं जातंच.

चरबीचा हिशेब वेगळा. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. (अन्नातली ऊर्जा मोजायचं माप म्हणजे कॅलरी. शास्त्रात तिला किलोकॅलरी म्हणतात, पाकिटावर आणि बोलण्यात आपण कॅलरीच म्हणतो.) पाच दिवसांत खरोखर दोन किलो चरबी वाढायची तर गरजेपेक्षा १५,४०० कॅलरी जास्त पोटात जायला हव्यात. म्हणजे पोटभर जेवून वर रोज पंधरा बेसनलाडू. हे कुणी करत नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीचा तो आकडा म्हणूनच घाबरण्यासारखा नसतो. नेहमीचं जेवण सुरू झालं की त्यातला बराच भाग आठवड्याभरात आपोआप उतरतो.

मग खरी वाढ किती?

थोडी असते, आणि थोडी असते म्हणूनच ती लक्षात येत नाही. २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या १९५ प्रौढांची पाहणी छापून आली होती. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपासून नव्या वर्षापर्यंतच्या सणांच्या आठवड्यांत त्यांचं वजन सरासरी ०.३७ किलो वाढलं. वाढ झाल्यासारखी त्यांना वाटत होती ती याच्या चौपट. दिलासा वाटावा असं हे वाक्य आहे, पण पुढचं वाचा: वाढलेलं ते वजन पुढच्या महिन्यांत उतरलं नाही.

त्यांचं खाणं निराळं, सणाचे आठवडेही जास्त. आकडा जसाच्या तसा आपल्याला लावता येणार नाही. पण गोष्ट तीच आहे. एका सणाला पाव ते अर्धा किलो कुणाच्याच डोळ्यांवर येत नाही. तेच दर दिवाळीला साठत गेलं आणि उतरलं नाही, तर तिशीतला माणूस चाळिशीला पोचेपर्यंत अडीच ते पाच किलोंनी जड झालेला असतो, आणि ते कधी झालं हे त्याला सांगता येत नाही.

फराळ टिकतो, त्याच कारणाने तो अंगाला लागतो

चकली पंधरा दिवस टिकते आणि भाजी दुसऱ्या दिवशी आंबते, असं का? कारण भाजीत पाणी आहे आणि चकलीतलं पाणी तळताना वाफ होऊन निघून गेलं. जंतू वाढायला पाणी लागतं. आपला सगळा फराळ पाणी काढून टाकण्याच्या कसबावर उभा आहे. पोहे उन्हात ठेवून कुरकुरीत करायचे, बेसन खमंग होईपर्यंत परतायचं, शंकरपाळे मंद आचेवर आतपर्यंत तळायचे. फ्रीज नव्हते तेव्हा हे कसब फार मोलाचं होतं, आजही आहे.

पण अन्नातलं पाणी गेलं की उरतं ते पीठ, साखर आणि स्निग्ध पदार्थ, आणि तेही दाटून. शिजलेल्या भातात शंभर ग्रॅमला साधारण १३० कॅलरी असतात, पोळीत ३०० च्या आसपास. फराळाचे बहुतेक पदार्थ ४५० ते ५०० वर जातात.

बेसनलाडू घरीच मोजून पाहता येतो. अर्धा किलो बेसन, पाव किलो तूप, ४०० ग्रॅम पिठीसाखर हे नेहमीचं प्रमाण धरा. बेसनाच्या सुमारे १९००, तुपाच्या २२५०, साखरेच्या १६००, मिळून ५७५० कॅलरी. सगळ्याचं वजन १,१५० ग्रॅम. भागाकार केला की शंभर ग्रॅमला ५०० कॅलरी निघतात. लिंबापेक्षा जरा मोठा, ४० ग्रॅमचा लाडू वळला तर एका लाडवात २०० कॅलरी. एवढ्या सामानात असे २८ लाडू होतात. एरवी दोन पोळ्यांतही तेवढ्याच असतात, पण दोन पोळ्या चावायला दहा मिनिटं जातात आणि सोबत भाजी-आमटीही पोटात जाते. लाडू चार घासांत संपतो.

पोट भरल्याची जाणीव मुख्यतः पोट किती ताणलं यावरून होते. पोट कॅलरी मोजत नाही, आकारमान मोजतं. म्हणून फराळाची बशी रिकामी झाली तरी तासाभरात जेवायला बसता येतं. त्या बशीत असतं काय? एक लाडू २००, वीस-वीस ग्रॅमच्या दोन चकल्या २००, एक करंजी १८०, छोटी वाटीभर चिवडा १३५, पाच-सहा शंकरपाळे १२५. एकूण ८४०. दोन चमचे साखरेचा चहा धरला की ९००. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीची दिवसाची गरज १६६० कॅलरी आणि ६५ किलोच्या पुरुषाची २११०. म्हणजे ‘थोडं तोंडात टाका’ म्हणून पुढे आलेल्या एका बशीत तिचा अर्ध्याहून अधिक दिवस असतो. आणि दिवाळीत अशी बशी एकाच घरी पुढे येत नाही.

पाच किलोंचा हिशेब

चौघांच्या घरात चिवडा, चकली, लाडू, करंज्या आणि शंकरपाळे एक-एक किलो झाले, तर पाच किलो फराळ झाला. कॅलरी २५,०००. शेजारी आणि नातेवाइकांकडे डबे जातात खरे, पण त्यांचेही येतात, त्यामुळे घरात राहणारा साठा जवळपास तेवढाच. चौघांत वाटला तर माणशी सव्वासहा हजार. ते सगळं जेवणाच्या वर गेलं तर माणशी ८०० ग्रॅम चरबी होईल. थोडं जेवण कमी होतं, थोडं पाहुणे खातात, म्हणून प्रत्यक्ष वाढ याच्या निम्मी किंवा त्याहून कमी राहते.

या पाच किलोंपैकी फार तर निम्मे भाऊबीजेपर्यंत संपतात. उरलेले कधी संपतात? संध्याकाळी साडेपाचला ऑफिसातून आल्यावर उभ्या-उभ्या डब्यात हात घालून. रात्री टीव्हीसमोर. सकाळी ‘आज नाश्त्याला काही करायला नको, फराळ आहे’ म्हणून. सणाच्या दिवशी आपण जाणून खातो, चवीने खातो, चार माणसांत खातो. नंतरचं हे खाणं भूक नसताना होतं आणि लक्षातही राहत नाही. माझ्या मते दिवाळीच्या चार दिवसांत कुणालाही लाडू नको म्हणायला लावू नये, पण तुळशीच्या लग्नापर्यंत डब्यांवर नजर हवी.

सगळ्यांत उपयोगी उपाय चूल पेटण्याआधीचा आहे. प्रत्येक जिन्नस किलोऐवजी अर्धा किलो करायचा. लाडू ४० ऐवजी २५ ग्रॅमचे वळायचे, चकलीचे चारऐवजी अडीच वेढे घालायचे. ‘एकच घेतो’ म्हणणारा एकच घेतो, त्याचं समाधानही एकाचंच होतं, आणि १२५ कॅलरींत भागतं. भाऊबीजेनंतर उरलेलं एका मोठ्या स्टीलच्या डब्यात, वरच्या फळीवर. ओट्यावरच्या पारदर्शक बरण्यांतला चिवडा येता-जाता खाल्ला जातो, कारण तो दिसतो.

‘एवढं काय, चालून जिरवू की’

साठ किलोचा माणूस ताशी पाच किलोमीटरच्या वेगाने तासभर चालला तर बसून राहण्यापेक्षा सुमारे १५० कॅलरी जास्त खर्च करतो. एका लाडवाला एक तास वीस मिनिटं. त्या पूर्ण बशीला साडेपाच तास. चालून फराळ जिरवणं हा हिशेबच जमणारा नाही, आणि तसा प्रयत्न करणारे तिसऱ्या दिवशी कंटाळून चालणंही सोडतात.

तरीही चालायलाच हवं, फक्त कारण वेगळं आहे. जेवणानंतर रक्तातली साखर वाढते. ती पेशींच्या आत जायला इन्शुलिन हे संप्रेरक दार उघडतं. पण स्नायू काम करत असताना त्यांचं मागचं दारही उघडतं, आणि त्या दाराला इन्शुलिनची किल्ली लागत नाही. मांड्या आणि पोटऱ्यांत शरीरातले मोठे स्नायू असतात. जेवल्यावर किंवा फराळानंतर अर्ध्या तासाच्या आत दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी साखरेची उसळी खाली राहते. सकाळी एकदाच तासभर चालण्यापेक्षा तीन वेळा खाण्यानंतर पंधरा-पंधरा मिनिटं चालणं या दिवसांत जास्त कामाचं. पाहुण्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायला जा, शेजारच्या गल्लीतल्या मावशींचा डबा गाडीऐवजी पायी पोचवा.

जिम बंद असली, गावी गेलात तरी स्नायू आठ-दहा दिवसांत वितळत नाहीत. त्यांना आठवण राहील इतकं काम पुरतं: बारा सूर्यनमस्कार, पंधरा-पंधराच्या दोन खेपा उठाबशांच्या, आणि लिफ्ट असली तरी जिना. सगळं मिळून पंधरा मिनिटांच्या आत होतं, जागाही चटईएवढीच लागते.

‘पण आमच्याकडे गुळाचे लाडू असतात’

गूळ आणि साखर दोन्हींच्या शंभर ग्रॅममागे ४०० च्या आतबाहेर कॅलरी. गुळातही बहुतांश साखरच असते, खनिजांचा अंश असतो तो एका लाडवापुरता नगण्य. चवीसाठी गूळ जरूर वापरा, पण मधुमेह्याला ‘गुळाचा आहे, चालेल’ म्हणून वाढू नका.

साजूक तूप आणि तेल यांतही कॅलरींच्या दृष्टीने फरक नाही, दोन्ही शंभर ग्रॅमला सुमारे ९००. वनस्पती तूप मात्र खरोखर टाळण्यासारखं आहे. त्यातल्या ट्रान्स फॅट या चरबीच्या प्रकारामुळे हृदयविकाराचा धोका वाढतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ पासून तेल-तुपांतलं तिचं प्रमाण २ टक्क्यांपर्यंत मर्यादित केलं आहे. विकतची स्वस्त शंकरपाळी, खारी, बिस्किटं घेताना पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा.

‘शुगर-फ्री’ लाडवाचा हिशेब तर उलटा बसतो. वरच्या प्रमाणातून साखर काढली तर उरतं ७५० ग्रॅम सामान आणि ४१५० कॅलरी, म्हणजे शंभर ग्रॅमला ५५०. तेवढ्याच वजनाच्या साध्या लाडवापेक्षा त्यात कॅलरी जास्त. रक्तातल्या साखरेला तो बरा, पण कमरेला नाही, आणि दोन खाल्ले तर फायदा तिथेच संपला.

भाजक्या चिवड्याचंही असंच. अर्धा किलो पातळ पोहे, फोडणीला ७५ ग्रॅम तेल, शेंगदाणे आणि डाळं शंभर-शंभर ग्रॅम, खोबऱ्याचे काप ५० ग्रॅम, इतक्यात शंभर ग्रॅमला ४५० च्या आसपास कॅलरी बसतात. तळलेल्या चिवड्यापेक्षा कमी, पण ‘डाएट’ म्हणून मोठा वाडगा भरून खाण्याइतक्या कमी नाहीत. त्यात खरी चांगली सुधारणा म्हणजे दाणे-डाळं वाढवून पिठीसाखर आणि मीठ कमी करणं. दाण्यांतल्या प्रथिनांमुळे पोट जास्त वेळ भरलेलं राहतं.

चकली तेल पिते ती केव्हा

कढईत चकली सोडली की तिच्यातल्या पाण्याची वाफ जोराने बाहेर पडते, तेच ते बुडबुडे. वाफ बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरायला वाव नसतो. तेल बहुतेक आत जातं ते चकली बाहेर काढल्यावर. ती गार होऊ लागते, आतली वाफ आकसते आणि पृष्ठभागावर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणून काढल्यानंतरचं अर्धं मिनिट महत्त्वाचं. झारा कढईवर तिरका धरून तेल निथळू द्या, चकली गरम असतानाच चाळणीत उभी ठेवा. एकावर एक ढीग रचला तर खालची चकली वरचीचं तेल पिते.

तेल १७० ते १८० अंशांवर हवं. थर्मामीटर नसेल तर पिठाची गोळी टाकून पाहा. ती खाली जाऊन लगेच बुडबुड्यांसह वर यावी. तळाशीच बसून राहिली तर तेल थंड आहे, चकली तेलकट होणार. टाकताक्षणी वर येऊन लाल झाली तर फार तापलं आहे, चकली बाहेरून करपेल, आत ओल राहील आणि दोन दिवसांत मऊ पडेल. बुडबुडे शांत झाले की पाणी संपलं, तेव्हाच काढायची. मोहन वाटीभर भाजणीला एक मोठा चमचा पुरतं. जास्त झालं तर चकली तेलात विरघळते, आणि तेलही जास्त पिते.

तळण झाल्यावर उरलेल्या तेलाचं काय? तेल पुन्हापुन्हा तापलं की त्याचे रेणू तुटून अपायकारक पदार्थ तयार होतात. हॉटेलांसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा आहे: असे पदार्थ २५ टक्क्यांवर गेले की तेल टाकून द्यायचं. घरी मोजता येत नाही, पण कळतं. तेल काळपट, दाट झालं, फेस धरू लागलं, पूर्वीपेक्षा लवकर धूर सोडू लागलं की ते संपलं. एकदा तळलेलं चांगलं तेल गाळून फोडणीला दोन-तीन दिवसांत वापरा. तुळशीच्या लग्नाच्या पुऱ्यांसाठी ते राखून ठेवू नका. कढईत तेल कमी घेऊन दोन खेपा तळल्या तर उरतंही कमी.

अभ्यंगस्नानाच्या पहाटे चालायला जाऊ नका

फटाक्यांच्या धुरातले अतिसूक्ष्म कण रात्री वर जाऊ शकत नाहीत. थंडी पडू लागली की जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार राहते, आणि पातेल्यावर झाकण ठेवावं तसा धूर खाली कोंडतो. उन्हं चढल्यावर हे झाकण उठतं. आपल्याकडे तर नरकचतुर्दशीला पहाटेच फटाके सुरू होतात. नेहमी साडेपाचला टेकडीवर जाणाऱ्यांनी या तीन-चार दिवसांत ती फेरी दुपारी चारच्या सुमारास करावी. व्यायाम करताना आपण एरवीच्या कित्येक पट हवा आत घेतो, धूरही तेवढाच.

हवा कशी आहे हे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर दिसतं. निर्देशांक १०० पर्यंत असेल तर खुशाल बाहेर जा. २०० च्या वर गेला तर व्यायाम घरात. दमा असणाऱ्यांनी १०० च्या वरच सावध राहावं आणि पंप खिशात ठेवावा.

मधुमेह आणि रक्तदाब असेल तर

लाडू-करंजीत साखरेसोबत भरपूर तूप असतं आणि तुपामुळे पोट हळू रिकामं होतं. त्यामुळे फराळानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर बरी दिसते आणि तीन-चार तासांनी चढते. दोन तासांचा आकडा पाहून ‘मला लाडू मानवतो’ असं ठरवू नका. फराळ खायचाच तर रिकाम्या पोटी नको. आधी मोडाची उसळ, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, एखादं अंडं किंवा वाटीभर दही, मग अर्धा लाडू. त्याच प्रमाणात त्या जेवणातली पोळी किंवा भात कमी करा.

उलटी चूक जास्त धोक्याची. ‘संध्याकाळी फराळ आहे’ म्हणून दुपारचं जेवण टाळलं, पण गोळी घेतली. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर अशा वेळी एकदम खाली जाऊ शकते. दरदरून घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं. साखर ७० च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायला द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. लाडू देऊ नका. घरात सगळीकडे गोड पडलेलं असतं म्हणून हाताला तोच लागतो, पण त्यातल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखान्यात न्या. सणाच्या दिवसांतल्या गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा डॉक्टरांना वसुबारसेच्या आधीच विचारून घ्या, पाडव्याला दवाखाना बंद असतो.

रक्तदाबाचं नातं मिठाशी. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर. किलोभर चकलीत तीन-चार चमचे मीठ सहज जातं. पाच चकल्या खाल्ल्या की दीड-दोन ग्रॅम तिथेच झालं. त्या दिवशी लोणचं-पापड वगळा, आणि गोळी ठरलेल्या वेळी घ्याच.

पंधरवड्याचा बेत

वसुबारसेच्या सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, पाणीही पिण्याआधी वजन करा आणि लिहून ठेवा. मग तुळशीच्या लग्नापर्यंत काटा आत.

आधी उपास करून ‘जागा करून’ ठेवू नका. भुकेला माणूस पहिल्या बशीतच सगळं भरून काढतो. झोपेचंही तसंच. रात्री दोनपर्यंत पत्ते आणि पहाटे चारला उटणं अशी झोप तुटली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि ती गोड-तळलेलंच मागते. जागरण झालं तर दुपारी अर्धा तास आडवे व्हा.

सणाच्या चार दिवसांत फराळ हा नाश्ता समजा, नाश्त्यानंतरचं काहीतरी नव्हे. बशी भरून घ्या, डबा पुढ्यात ठेवून खाऊ नका. एक गोड, एक तिखट, दोन्ही आवडीचं. न आवडणारी शंकरपाळी फक्त समोर आली म्हणून खाण्यात काही अर्थ नाही. पुढच्या घरी ‘फक्त पाणी द्या’ किंवा ‘चहा बिनसाखरेचा’ म्हणा. सहा घरच्या सहा चहांतून बारा चमचे साखर, म्हणजे अडीचशेच्या आसपास कॅलरी, अशाच निघून जातात. जेवण साधं ठेवा: वरण-भात, पालेभाजी, ताक. भाऊबीजेनंतर फराळ दिवसातून एकदाच, दुपारी चारच्या चहाबरोबर, वाटीत काढून.

तुळशीच्या लग्नाच्या सकाळी पुन्हा तसंच वजन करा. भाऊबीजेला दहा दिवस झालेले असतात, ग्लायकोजेन आणि मिठाचं पाणी ओसरलेलं असतं, आता दिसतो तो आकडा बराचसा खरा. पाव किलोच्या आत फरक असेल तर काही करायला नको, तेवढं वजन रोजच वर-खाली होतं. अर्धा किलो वाढला असेल तर तो ३८५० कॅलरींचा. त्यासाठी उपासमार नको. रोज २०० कमी करायच्या, म्हणजे संध्याकाळचा तो एक लाडू किंवा त्याच्या बरोबरीचं काही, आणि जेवणानंतरचं चालणं तसंच चालू ठेवायचं. १९ दिवस लागतात. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, खंडोबाचं नवरात्र बसतं त्या दिवशी सकाळी, काटा पुन्हा वसुबारसेच्या आकड्यावर आलेला असेल.